भांडण मिटवलं म्हणे!

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

इथे कोलकात्यात, डमडमला आमच्या सोसायटीत शिरीषाचं जुनं झाड आहे. त्याच्या ढोलीवरून सकाळपासून पोपटांची आणि साळुंक्यांची जुंपली होती. पोपटीण आत शिरली की साळुंकी तिची शेपटी धरून ओढायची. भांडतील नाहीतर काय? बाकीच्या झाडांच्या वाळक्या फांद्या, ढोल्यांसकट, सोसायटीनेच छाटून टाकल्यात.

दुपारी जेवून गॅलरीत आले, तर एकदम शांतता. खाली सेक्रेटरीबाबू मिस्त्रीला घेऊन उभे, आणि ढोली सिमेंटने लिंपलेली!

"दीदी, बहुत चिल्लाता था. झगड़ा खतम!" वर हसून सांगतात.

मी वरूनच ओरडले, "अंदर अंडे थे क्या? देखा था?"

"वो तो नहीं देखा."

अहो, घर बुजवून भांडण मिटवतात का?

मिस्त्री शिडी घेऊन गेलासुद्धा. पोपटीण अजून ओल्या सिमेंटवर चोच मारतेय. साळुंक्या शेजारच्या फांदीवर गप्प बसल्यात.

सिमेंट सुकायच्या आत मी स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन खाली चाललेय. सेक्रेटरीबाबूंना काय बोलायचं ते बोलू देत.

डमडमात कुणाकडे उंच शिडी आहे का?