कॉम्प्युटरवर न आलेला खेळ

माझा भाऊ गोलकीपर होता. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न एकच असतो, कुठल्या पेठेचा? आम्ही राहायला कसबा बावड्यात. आप्पा साखर कारखान्यात फिटर. दादा मात्र शहरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी अकरावीत असताना, एप्रिलमध्ये, त्यानं मळ्यातल्या विहिरीत सूर मारला. उन्हाळ्यानं पाणी किती खाली गेलंय हे त्याला वरून कळलं नाही. मानेचा मणका मोडला.

सहा महिन्यांनी घरी आणला तेव्हा त्याला खांदे हलवता येत होते, कोपर वाकवता येत होतं, मनगट वर उचलता येत होतं. छातीखाली काहीच नाही. आणि बोटं नाहीत. चेंडू अडवणारी ती लांब बोटं जागेवर होती, पण चमचासुद्धा धरत नव्हती.

दुसऱ्या वर्षी संघातल्या पोरांनी वर्गणी काढून एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. "टाइमपास हुईल की रे," म्हणाले, चहा प्याले आणि गेले. पुढं त्यांचं येणं कमी होत गेलं. त्यांना दोष देत नाही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कुणाला खाटेशेजारी बसून राहवतं?

त्या कॉम्प्युटरवर फुटबॉलचा एक खेळ होता. दरवर्षी त्याची नवी आवृत्ती यायची आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात सीडी मिळायची. आप्पांनी कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून दादाच्या दोन्ही तळहातांवर बसतील असे पट्टे केले आणि त्यांत पेन्सिली खोचल्या. डाव्या पेन्सिलीनं तो खेळाडू हलवायचा, उजवीनं पास द्यायचा, शॉट मारायचा. पण खेळाडूला जोरात पळवायचं तर तिसरं बटण दाबून धरावं लागायचं. तिसरी पेन्सिल कुठून आणणार? ते बटण माझ्याकडं आलं.

कॉलेजातनं आले की मी त्याच्या खाटेला खुर्ची लावून बसायची. चेंडू आमच्याकडं आला की तो ओरडायचा, "पळ! पळ की गं! झोपलीस व्हय?" मी बटण दाबायची. चेंडू गेला की सोडायचं, नाहीतर खेळाडू दमतो. दोन वर्षांत मला त्याच्या श्वासावरनं कळायला लागलं, आता पळायचंय. त्या वेळात तो आमच्या घरातला जुना दादा असायचा. शिव्या द्यायचा, हसायचा, रेफ्रीला नावं ठेवायचा.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा, कापडाचं दुकान, घरात निम्मं बोलणं कानडी. पाहुणे उठून गेल्यावर दादा म्हणाला, "चांगलं झालं." थोड्या वेळानं म्हणाला, "आता पळायचं कुणी?" तो हसत होता. आई उठून आत गेली.

त्याच महिन्यात नेट कॅफेत मी एक बातमी वाचली. खेळाच्या नव्या आवृत्तीत अख्ख्या संघाऐवजी एकच खेळाडू होऊन खेळता येणार होतं, आणि तो खेळाडू गोलकीपरही असू शकत होता. मी पान छापून घरी आणलं. दादानं ते तीनदा वाचून घेतलं.

"गोलीला पळायला लागत न्हाय," तो म्हणाला. "डावीकडं, उजवीकडं, उडी. तीन बटणं. दोन पेन्सिलीत बसत्यात."

मी मान हलवली.

"म्हंजे मला कोण लागत न्हाय."

त्यानंतर दर शनिवारी त्याचा एकच प्रश्न, "आली काय?" मी दर शनिवारी राजारामपुरीत जायची. एका शनिवारी दुकानदारानंच हाक मारली.

"ताई, आला तुमचा खेळ. पण कॉम्प्युटरवर न्हाय. ह्या खेपेला फकस्त कन्सोलवर, टीव्हीला जोडायच्या मशीनवर काढलाय."

"मागनं येईल की?"

"न्हाय म्हणत्यात. कॉम्प्युटरवर लोक कॉपी मारत्यात, कंपनीला परवडत न्हाय."

आमच्या घरातल्या सगळ्या सीडी कॉपी केलेल्याच होत्या, आणि त्याच दुकानातल्या. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दादाला खरंच वाटेना. "त्याला म्हायती न्हाय. दुसऱ्या दुकानात जा." मी दुसऱ्या दुकानात गेले, तिसऱ्यात गेले. मग त्यानं कंपनीला पत्र लिहायला लावलं. तो खाटेवरनं सांगायचा, मी वहीत उतरवायची. पहिलंच वाक्य होतं, 'मी गोलकीपर आहे.' नेट कॅफेत बसून इंग्रजी करताना मी ते 'होतो' केलं. त्याला सांगितलं नाही. मेलनं पाठवलेल्या पत्राला एका मिनिटात उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं. ते मशीन पाठवतं हे मला माहीत होतं. त्यानं मात्र पंधरा दिवस खऱ्या उत्तराची वाट बघितली.

शेवटी आप्पांनी विचारलं, "ते कन्सोल कुठं बघाय मिळंल?" राजारामपुरीत एका इमारतीच्या तळघरात गेम पार्लर होतं. आम्ही दादाला रिक्षात घातलं. तीन वर्षांत तो दवाखान्याशिवाय कुठं गेला नव्हता. आईनं त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. पार्लरच्या पायऱ्या आप्पांनी आणि रिक्षावाल्यानं त्याला उचलून उतरवल्या.

मालक माणूस चांगला होता. त्यानं खेळ लावला, गोलकीपर निवडून दिला आणि कंट्रोलर पुढं केला. "घ्या पावणं. असं दोन्ही हातांत धरायचं." मग त्याचं लक्ष दादाच्या हातांकडं गेलं.

कंट्रोलर मांडीवर ठेवला तर घसरायचा. आप्पांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवला. अंगठ्यानं फिरवायच्या दांडीवर पेन्सिल टेकली की निसटायची. उडी मारायचं बटण वरच्या कडेला होतं, तिथं पेन्सिल पोचायचीच नाही. पडद्यावर गोलकीपर गोलच्या मधोमध उभा होता. चेंडू आला, तो हलला नाही. दुसरा आला, हलला नाही. दादा खालचा ओठ चावून पेन्सिल रेटत होता. सहा गोल झाले. मागं कॉलेजची पोरं आपल्या पाळीची वाट बघत थांबली होती. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांतला एक पुढं आला. "दादा, तुमच्यासाठी मी खेळू काय? तुम्ही सांगा, तसं मी दाबतो."

"नको," दादा म्हणाला. "मी बघाय आलो न्हवतो."

रिक्षात आप्पा म्हणाले, "मी त्याला लोखंडी स्टँड करतो. दांडीला टोपण बसवतो. मशीन कुठनंबी आणू."

"आप्पा, गप बसा."

आमच्या घरात आप्पांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. आप्पा घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

घरी आल्यावर माझा तोल गेला. लग्नाची खरेदी, आईचं रडणं, सगळं साठलेलं. मी म्हटलं, "एक खेळ तर हाय! त्याच्यापायी किती जणांना नाचवणारेस?"

तो म्हणाला, "तुला काय, तू चाललीस."

लग्नाच्या दिवशी त्याची खाट मांडवात आणून ठेवली होती. मी पाया पडले तेव्हा त्यानं मनगट उचलून माझ्या डोक्यावर टेकवलं.

पुढचं मला आईकडनं फोनवर कळलं. जुना खेळ तरी चालू राहावा म्हणून आप्पा माझ्या खुर्चीवर बसायला लागले. त्यांचं जाड बोट बटणावर पडलं की उठायचं नाही. खेळाडू दमून जायचे. दादा ओरडायचा, "सोडा! सोडा म्हंतो न्हवं!" आप्पा दचकून सोडायचे, ते नेमकं पळायच्या वेळी. दिवसभर कारखान्यात उभे राहून आलेले आप्पा रोज शिव्या खायचे आणि दुसऱ्या दिवशी परत बसायचे. एका संध्याकाळी दादानंच पट्टे काढायला सांगितले. नंतर कॉम्प्युटरवर आईनं चादर टाकली आणि वर पापडाचे डबे ठेवले.

त्यानंतर तो तीन वर्षं होता. मी फोन केला की आई त्याच्या कानाला लावायची. जेवलास काय, काय केलं होतं, एवढंच आम्ही बोलायचो. त्याला जखमा झाल्या, त्या भरल्या, परत झाल्या. शेवटी किडनीत संसर्ग झाला आणि चार दिवसांत संपलं. मी निपाणीहून पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं.

खांद्याला संघातलीच पोरं होती. आता त्यांची पोटं सुटली होती. सगळं उरकून आल्यावर त्यांतल्या एकानं नळावर हातपाय धुता धुता मला विचारलं, "दिवसभर करायचा काय गं त्यो?"

"झोपायचा," मी म्हटलं, आणि त्याला टॉवेल दिला.