मुका तवा

"मडकं वाजवून घेता, मंग गानं मुकं काहून घेता?"

गोमतीबाई कारंजाच्या भर बाजारात असं ओरडल्या, तेव्हा त्यांच्या लेकीची सोयरीक मोडायला टेकली होती.

शेलूबाजारची ही कुणबीण बैलाचे दात मोजल्याशिवाय दावं हातात घेत नसे. पण लेकीच्या साक्षगंधासाठी तिनं गणपतीच्या आरतीचा तवा आणला, तो न ऐकताच. ग्रामोफोनच्या तबकडीला तिकडे तवाच म्हणत. मांडवात सगळे हात जोडून उभे राहिले. होणारे व्याही पुंजाजी पुढे झाले, त्यांचा फेटा सुटून नाकावर आला, आणि नेमका तेव्हाच भोंग्यातून एक माणूस खदाखदा हसू लागला. थांबेचना! आरतीचा कागद चिकटवून कंपनीनं भलताच तवा विकला होता. पोरं हसली, भटजी हसले, आठ दिवस अंथरुणात पडलेली म्हातारी उठून बसली आणि हसली. पुंजाजी तेवढे नारळ काखेत मारून निघाले.

"मशीन आपल्या मनानं हासत नसते, बाई. कोनीतरी शिकवलं तिले," ते जाता जाता म्हणाले.

म्हणून बाजाराच्या दिवशी गोमतीबाईंनी त्यांना छकड्यात घातलं आणि जिथून तवा घेतला होता, त्या मदनसिंगच्या दुकानात आणून उभं केलं.

"वाजव हा तवा. इवाईबुवाले ऐकू दे."

"इथं तवा वाजवत नाही, बाई. इकायच्या आंधी नाही, इकल्यावर नाही. कंपनीचा कायदा हाय."

"अन् तुह्या कंपनीनं देवाच्या नावानं भूत इकलं तं?"

"तं तुमचं नशीब."

तेव्हा बाई ओट्यावर येऊन ओरडल्या. बाजारानं ऐकलं, पण आपल्या परीनं. लोक दुकानात घुसले, तवे कानाशी धरून नखानं टिचक्या मारू लागले.

"हा कच्चा भाजला."

"याचा आवाज बद्द येते, दुसरा दाखव."

"अरे, मडके नाहीत ते! फुटतीन!" मदनसिंग या टोकाहून त्या टोकाला धावत होता.

"मंग तूच वाजवून दाखव ना बे!"

शेवटी त्यानं हात जोडले आणि बाईंचा तवा लावला. हसणं भोंग्यातून निघालं, रस्त्यावर सांडलं, कापसाच्या गाड्यांवर चढलं. गाडीवान हसले, बैलांनी कान टवकारले. पुंजाजी दगडासारखे उभे. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"अरे, हा मले नाही हासत! हा तं कोनालेबी हासते!" म्हणत ते पोट धरून खालीच बसले.

मदनसिंगनं डोळे पुसले. "आजपासून वाजवूनच देईन. कंपनीले सांगतो, कारंजात न आयकता माल खपत नाही. बाई, तवा बदलून न्या."

"बदलता कायले?" पुंजाजी खालूनच म्हणाले. "लग्नात हाच लावू. इवाईणबाई, तिथी तुमी सांगा!"

गोमतीबाईंनी तोंड उघडलं. पण आतून हसण्याचा असा लोंढा आला, की त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तवा छातीशी धरला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेल्या.