सूर्यभानमामांची गाडी आणि मामींची पाठ

ताडकळसहून पालमला रोज सकाळी एक लाल स्पोर्ट्स कार जाते. दोन दारं, दोन सीटा, बाकी सगळं नाकच. ती माझ्या मामांची, सूर्यभान यांची. मामा शेळ्यामेंढ्यांच्या घरातले. पालमला त्यांचं पेंड-सरकीचं दुकान आहे आणि बाजाराच्या दिवशी बोकडांची खरेदी-विक्री चालते. एकदा बकरी ईदच्या आधी ते पुण्याला बोकडं घेऊन गेले. तिथं एका गिऱ्हाइकाच्या अंगणात ही जुनी गाडी ताडपत्रीखाली दिसली. मामांनी बोनटवरून हात फिरवला आणि टेम्पोतली सगळी बोकडं तिथंच उतरवून गाडी घेऊन आले.

"जनावर देऊन जनावर आणलं," एवढंच घरी सांगितलं.

शेजारच्या सीटवर दैवशालामामी. त्यांचं पालमलाच शिलाईचं दुकान आहे. घरात माणसं, जनावरं, पाहुणे. नवराबायको म्हणून दोघं एकटे असतात ते या गाडीतच. त्यामुळे मामींनी एके दिवशी "उद्यापासून मी एसटीनं जाते" म्हटलं, तेव्हा मामांचा चेहराच उतरला.

दोष मामींचा नव्हता. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून आधीच्या मालकानं स्प्रिंगांची वेटोळी कापून टाकली होती. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं आणि प्रत्येक खड्डा थेट सीटमध्ये यायचा. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईला हे कसं सोसावं?

"नव्या स्प्रिंगा टाकू," मामा म्हणाले आणि मला नांदेडला घेऊन गेले. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, म्हणून मी सल्लागार.

दुकानदारानं काउंटरवर दोन जोड उभे केले. एक मऊ आणि थोडा उंच, एक कडक. मी समजावून सांगितलं, की कडक स्प्रिंग वळणावर गाडी झुकू देत नाही, पण खड्डा जसाच्या तसा माणसाला देते. मऊ स्प्रिंग खड्डा स्वतः गिळते. मात्र ओझ्यानं जास्त दबते, म्हणून ती उंच घ्यायची.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग पुढं होऊन दोन्ही तळवे मऊ स्प्रिंगवर टेकवले आणि अंगाचा भार दिला. ती दबली. कडक स्प्रिंग जेमतेम हलली. मामांचे डोळे चमकले. बाजारात बोकड घेताना ते असंच कमरेच्या वर दाबून बघतात. पाठ दबली की जनावर नापास.

"हीच घेऊ."

"मामा, हे बोकड न्हाई."

"भाचेबुवा, दाबल्यावर वाकतंय त्याचा काय भरोसा? पॅक करा हो!"

पालमच्या बबलू मिस्त्रीनं स्प्रिंगा बसवल्या. पोट घासायचं थांबलं. वळणावर गाडी अशी चिकटून गेली की मामा मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आले. दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात मामींना बसवलं. पालम येईपर्यंत मामी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसल्या. दुकानासमोर दाराला धरून उतरल्या, कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला वेळ घेतला.

"अहो, कशी निवडली ही स्प्रिंग?"

मामांनी हौसेनं हातांनी दाबून दाखवलं.

"म्हंजी बोकडाची पाठ बघून आणली. माजी पाठ कुणी बघायची?"

आणि मामी एसटीनं जायला लागल्या.

मामांनी आठवडाभर एकट्यानं गाडी चालवली. गाडी तीच, वळणंही तीच, पण लांबच्या रस्त्याचं नाव निघेना. एका दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावलं. "कागद काढ. आता तू सांगशील तसं."

मी म्हटलं, "रोज गाडीत बसतंय किती ओझं, ते पाहिजे. तुमचं, डिकीतल्या पोत्याचं आणि मामींचं वजन सांगा."

"पोतं माहीत हाय. मी काट्यावर चढतो. तिचं नजरेनं सांगतो." बोकडाचं वजन मामा लांबून सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. त्यांनी आकडा सांगितला. नेमक्या तेव्हाच मामी डबा घेऊन दारात उभ्या होत्या. सरकी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही कान देऊन होतं.

"लिहा, लिहा," मामी म्हणाल्या. "वय काय, दात किती, तेबी लिहून घ्या!" डबा पोत्यावर आपटून त्या निघून गेल्या.

मी मामांच्या आकड्यात थोडी भर घालून हिशोब केला. मधल्या ताकदीची, किंचित उंच स्प्रिंग नांदेडहून मागवली. बबलूनं गाडी जॅकवरून खाली घेतली, तर ती पूर्वीपेक्षा चांगलीच वर दिसायला लागली. समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले आप्पाराव ओरडले, "सूर्यभानराव, आता मागं ट्रॉली जोडा!"

गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी ही मामांची केवढी हौस! त्यांनी चाकाच्या वरची ती मोकळी जागा बघितली. बबलूनं विचारलं, "काढू का परत?"

"र्‍हाऊ दे. दिसायला काय, मी आत बसल्यावर मला थोडीच दिसायलीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडकळसच्या थांब्यावर मामी एसटीची वाट बघत होत्या. मामांनी गाडी थांबवली, हॉर्न न वाजवता उतरले आणि पलीकडचं दार उघडून उभे राहिले. मी मागून मोटारसायकलवर होतो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आजच्या दिवस," मामी म्हणाल्या आणि आधी सीटवर टेकून मग पाय आत घेतले.

पुढं रस्ता पार उखडलेला. गाडी खड्ड्यात उतरली, मऊपणे वर आली, एकदाच डोलली, स्थिर झाली. काचा उघड्या होत्या. मी जवळ जाऊन कान दिला. पाठीचं नाव नाही, स्प्रिंगचं नाव नाही. मामी हात हलवून शेळ्यांच्या गोठ्यावर पत्रे कधी टाकायचे ते विचारत होत्या आणि मामांना उत्तर देऊ न देता स्वतःच सांगतही होत्या.

पुढं चांगला रस्ता लागला. मी वेग वाढवून पुढं निघालो. आरशात बघितलं, तर मामांनी गाडी आणखी हळू केली होती.