भाऊजींच्या घशाखाली न उतरणारी कॉफी

माझ्या मावसबहिणीचे यजमान सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात कामाला आहेत. शहरभरच्या मोऱ्या-संडासांतलं पाणी तिथल्या टाक्यांत येतं, गाळ खाली बसतो, वरचं निवळतं, आणि ते पुढे सोडायचं की नाही हे भाऊजी सांगतात. इतक्या वर्षांत माणूस वासाला सरावला असेल, असं कुणालाही वाटेल. भाऊजी नाही सरावले. घरी आले की आधी आंघोळ, मग ब्रशने नखं घासणं, मग धुतलेले कपडे, आणि मग बहिणीच्या हातची कॉफी. ती पिण्याआधी थोडा वेळ नाकाशी धरून बसतात. त्यानंतरच त्यांना भूक लागते.

गेल्या वर्षी त्यांना लांबच्या एका नव्या केंद्रावर पाठवलं. महिन्याने घरी आले तेव्हा शर्ट हँगरला लावल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. तिथल्या मशीनमधली, स्वतः बटण दाबून भरून घ्यायची कॉफी म्हणजे सांडपाण्याच्या दुसऱ्या टाकीतून काढून गरम केलेली, असं त्यांचं मत. घास तोंडाशी नेत आणि परत ताटात ठेवत. बहीण हबकली. परत जायच्या आत हाताने कॉफी करायचं एखादं भांडं पसंत करा, नाहीतर नोकरीचा राजीनामा द्या, असं तिने बजावलं. राजीनामा द्यायची भाऊजींची तयारी नव्हती. त्या कामाची त्यांना किळस येते तेवढाच त्याचा अभिमानही आहे.

माझ्या भाचीने मैत्रिणींकडून चार भांडी मागून आणली. पहिलं काचेचं, वरून दांडा दाबायचं. दांडा खाली गेला, तळाशी चोथा बसला, भाऊजींनी वाकून पाहिलं आणि ही तर आमचीच टाकी म्हणून ते बाजूला सारलं. दुसरं प्लास्टिकचं, पिचकारीसारखं. त्याच्या रबराचा वास त्यांना लांबूनच आला. तिसरं गॅसवर ठेवायचं, त्यात खालचं पाणी वाफेच्या जोराने वर चढतं. भाऊजी म्हणाले, खालचं वर यायला लागलं की आमच्याकडे भोंगा वाजवतात.

चौथं म्हणजे साधं नरसाळं, त्यात कागदाची गाळणी ठेवून वरून पाणी ओतायचं.

नावं ठेवत असले तरी प्रत्येकातली कॉफी भाऊजी स्वतः करत आणि एका उंच, आकडे कोरलेल्या काचेच्या नळीत ओतून ठेवत. केंद्रात पाणी तपासायची रीतच ती. नळी हलवायची नाही, गाळ किती बसतो ते बघायचं. ती नळी स्वयंपाकघरात पाहून बहीण दाराबाहेरच उभी राहिली. नवी आहे, खोक्यातून आत्ता काढलीय, असं ते शपथेवर सांगू लागले.

"नवी असेल हो," ती म्हणाली, "पण तिच्या बहिणी कुठे नांदतात ते मला माहितेय."

गाळ मोजून होईपर्यंत कॉफी गार व्हायची. मग ते एक घोट घेत आणि तोंड वाकडं करत. मी म्हटलं, भाऊजी, इतकी गार कॉफी तर माझ्याही घशाखाली उतरणार नाही. तेव्हा माझ्या शब्दाखातर त्यांनी नरसाळ्यातली गरम गरम घेतली. तिच्यात कणभर गाळ नव्हता. तरी अर्ध्यावरच उठून बेसिनकडे धावले.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेलेले असताना बहिणीने मुद्दाम त्या पहिल्या, चोथा बसणाऱ्या भांड्यात कॉफी केली आणि नेहमीच्या कपात ओतून पुढे ठेवली. भाऊजींनी ती नाकाशी धरली, मग तळापर्यंत प्यायली, ओठावरचा चोथा पुसला आणि ब्रेड मागितला. खाऊन झाल्यावर तिने ते भांडं समोर आणून ठेवलं.

भाऊजींनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कपाकडे. मग त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"गाळाचं काही नव्हतं गं," ते म्हणाले. "मला माझ्याच हातचं जात नाही. कितीही घासले तरी ते तिथलेच वाटतात."

बहिणीने समजूत घातली नाही. तो तिचा स्वभावच नाही. तिने भाचीला सांगून चारही भांडी परत पाठवली आणि बाजारातून दांडा दाबायचंच एक स्टीलचं आणलं, प्रवासात न फुटणारं, आणि एकापुरतं नव्हे, दोघांपुरतं. तुमच्यासोबत केंद्रातल्या पंपावर जे एक असतात त्यांना करायला सांगा, त्यांची तुम्ही करा, असं तिने ठरवून टाकलं.

"अगं, त्याचे हातही त्याच टाकीत असतात."

"असू देत. तुमचे तर नाहीत ना?"

भाऊजी भांडं घेऊन गेले. आठवड्याने फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पंपवाला कॉफी करत नाही, चिखल कालवतो, अशी तक्रार सुरू झाली. चमचा मोजत नाही, पाणी उकळू देत नाही, वर शिट्ट्या मारतो. असली घाणेरडी कॉफी जन्मात प्यायलो नाही, आणि मी केलेली मात्र तो गाढव मिटक्या मारत पितो. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, जेवलात का?

"जेवतोच आहे," पलीकडून आवाज आला. "तोंडात घास आहे, नंतर बोलतो."