झाकणावरचं कुंकू

"टोपी काढ," सर म्हणाले. मी काढली. क्लीनरूमच्या, म्हणजे धूळ चालत नाही अशा प्रयोगशाळेच्या, बाहेरच्या खोलीत, बरोबरीच्या विद्यार्थ्यांसमोर, त्यांनी मला मान खाली घालायला लावली आणि पेनाच्या टोकानं माझे केस उचलून पाहिले. हात लावला नाही. मग विचारलं, "स्नान करून आलीस की नाही, खरं सांग."

विचारलं मराठीत. आमच्या तंजावरी मराठीत, म्हणजे बाकीच्या तमिळ मुलांना कळू नये. त्यांना पेनावरूनच कळलं.

कुंभकोणमच्या त्या संशोधन केंद्रात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी वाटलं होतं, आपलं माणूस भेटलं. काय बावळट होते मी! मराठ्यांच्या राजवटीत सरांचे पूर्वज इथं पोथ्या वाचायला आले, माझे खोगिरं शिवायला. माझा जातीचा दाखला पाहिला तेव्हापासून सरांनी माझ्या हातची कॉफी घेतली नाही.

मी सिलिकॉनच्या चकतीवर रेघा काढते. केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील अशा. त्यांतून वीज खेळवून सेन्सर बनवायचा, ही माझी पीएचडी. आधी चकतीवर पातळ लेप चढवायचा. ते यंत्र चकती गरगर फिरवतं. तेव्हा धुळीचा कण पडला की रेघा तुटल्याच.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सरांनी बाहेरच्या यंत्रांना चंदन-कुंकू लावलं, मग आतही गेले. मला दाराबाहेर थांबवलं. पूजा आटोपल्यावर आत जाऊन पाहते तर लेपाच्या यंत्राच्या झाकणावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. पुसू का, म्हणून विचारायला गेले. पूजेचं पुसायचं नसतं, म्हणाले, आणि तू तर त्या टिळ्याला हातही लावू नकोस. चेन्नईतल्या यंत्रावर चकती मोजून घ्यायला माझा नंबर लागला होता. तो चुकला की पीएचडीची मुदत संपली. दुसरी चकती नव्हती. झाकण जपून उघडलं, चकती ठेवली, जपून लावलं. काम झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रेघा तुटलेल्या आणि मधे लाल कण.

आणि आता माझे केस तपासले जात होते.

सर माझे मार्गदर्शक, मुदतवाढीवर सही त्यांचीच लागते. ते म्हणाले, तुझ्या अस्वच्छपणामुळं चकती गेली असं सगळ्यांसमोर कबूल कर, मग सहीचं बघू. इतकी वर्षं घातलेली, घरातली मी पहिली शिकलेली. मी कबूल करणार होते. खरंच करणार होते. तोंड उघडलं तर सर म्हणाले, "तमिळमधे सांग. सगळ्यांना कळू दे."

अपमान मराठीत. कबुली तमिळमधे.

मी तमिळमधेच सांगितलं: "कुंकू सरांनी लावलं. पुसू का विचारलं, तर नको म्हणाले. आता विचारतात, मी आंघोळ केली का." कुणी वर पाहिलं नाही. एक जण बुटावरचं प्लॅस्टिक ओढत बसला. सरांनी माझ्या गळ्यातलं दाराचं कार्ड मागितलं. मी काढून टेबलावर ठेवलं, तर त्यांनी ते पेनानं आपल्याकडं ओढलं.

घरी आले. विद्यापीठाकडं जातिभेदाची तक्रार करते म्हटलं, तर आई मटकन खाली बसली. इथं सगळ्या मराठी बोलणाऱ्यांना लोक रायर म्हणतात आणि ब्राह्मण समजतात. आमच्या गल्लीचाही तोच समज. अप्पांनी, माझ्या वडलांनी, तो जन्मभर मोडला नाही, त्यावरच घर भाड्यानं मिळालं.

"नक्को गे," आई रडत म्हणाली. "क्षमा माग. गल्लीला कळलं तर कोठं जायचं?"

घर जाईल. चकती गेलीच, पदवीही बहुतेक जाईल. सरांचं काही बिघडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. रात्रभर तिच्याशेजारी जागी पडून होते. एकदाही वाटलं नाही की सगळं नीट होईल.

सकाळी तक्रार लिहायला बसले. आई गल्लीकडचं दार लावायला उठली. मी म्हटलं, उघडं राहू दे. आणि पहिलं वाक्य तमिळमधे, गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत लिहिलं: मी चांभाराची मुलगी.