हंगाम संपेपर्यंतची उधारी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात पेन असं कधी धरलंच नाही. म्हणून हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर नावं ठेवू नका, आधीच माफी मागते. लागू नयेत म्हणून शिवणाच्या डब्याखाली ठेवणार आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही, घशापर्यंत येतं आणि तिथंच राहतं. पण मागचं सगळं वर्ष डोक्यात फिरत राहतं, स्वस्थ बसू देत नाही.

आम्ही इकडे परदेशात, पापाकुऱ्यात राहतो. मुलगा रोज गाडीने माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसला जातो, सून घरून काम करते. शेजारी एक इटालियन आजोबा एकटे राहतात. तरुणपणी फरश्या बसवायच्या कामाला या देशात आले आणि इथलेच झाले. बायको गेली, मुलगी हॅमिल्टनला असते. दृष्टी फार अधू झालीय. माणूस आला-गेला कळतो, चेहरा कळत नाही. त्यांच्या कुंपणावरून लिंबाची फांदी आमच्याकडे येते, तेवढीच आमची ओळख होती. ते मला सिन्योरा म्हणतात. म्हणजे बाईसाहेब, असं सुनेने सांगितलं.

मागच्या ऑगस्टमध्ये फलटणहून वहिनीचा फोन आला. भावाच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या, ऑपरेशन लगेच करायचं होतं. त्याच आठवड्यात घराचा हप्ता वाढला म्हणून मुलाचं आणि सुनेचं वाजलं होतं. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. मुलाला सांगायला तोंड उघडेना. आजोबांना द्यायला गरम थालीपीठ घेऊन गेले आणि त्यांच्या पायरीवर बसून रडले. त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे इंग्रजी शब्द तेवढेच होते: ब्रदर, हार्ट, हॉस्पिटल, मनी. ते आत गेले आणि चार हजार डॉलर घेऊन आले. कागद नाही, सही नाही. मी हात जोडले तर म्हणाले, "रडणं पुरे. आत ये, मॅच लावायचीय, मला बॉल दिसत नाही. तू सांग."

ती त्यांच्या गावच्या संघाची मॅच होती. समुद्राकाठचं लहानसं गाव. त्यांचा संघ कित्येक वर्षांनी इटलीच्या सगळ्यात वरच्या गटात चढला होता. त्या गटात वीस संघ खेळतात, ऑगस्टपासून मेपर्यंत, आणि शेवटचे तीन खाली ढकलले जातात. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं, की मरायच्या आधी गाव वर टिकलेलं कळावं. टीव्हीचा आवाज ते बंद ठेवत. इंग्रज समालोचक त्यांच्या पोरांची नावं वाकडीतिकडी घेतो, त्याचा त्यांना राग. म्हणून त्यांचे डोळे आणि कान दोन्ही मीच. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यावर तांबड्या बाह्या ते आपले, एवढं कळलं. "अवर्स. देअर्स. लेफ्ट. नियर, नियर..." असं मी हळू आवाजात सांगत होते. त्या दिवशी एका बड्या संघाला त्यांनी हरवलं. आजोबांनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाढवली.

तिथून सगळं ठरून गेलं. प्रत्येक मॅचला मी त्याच स्टुलावर बसायचं, खिडकीकडे पाठ करून. थालीपीठच आणायचं. एकदा उपमा नेला तर त्यांनी दारातूनच परत पाठवला. त्यांचा करडा स्वेटर त्या हंगामात धुतला गेला नाही, हे मला जवळ बसल्यावर कळत होतं. मला त्याचं हसू आलं नाही. आमच्याकडेही क्रिकेटला हेच असायचं. जोडी जमली की उठायचं नाही, दीर एकदा सबंध डाव उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभे होते.

त्यांची मॅच तिकडे दुपारी असली की इथे भलती वेळ होते. ते मॅच टीव्हीच्या मशीनमध्ये भरून ठेवत आणि सकाळी लावत. निकाल कानावर पडू नये म्हणून फोन उशीखाली. मला ही गोष्ट फार छळायची. तिकडे सगळं होऊन गेलेलं, लोक जेवून झोपलेले, आणि इथे आम्ही दोघं जीव मुठीत धरून बसलेलो. निघताना सुनेच्या तोंडाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण ती फोनवर निकाल बघायची आणि तिला काही लपवता येत नाही.

"आई, सांगू का?"

"नको गं बाई. पाप लागेल."

"तुम्ही आता पक्क्या फुटबॉलवाल्या झालात. हीप्स ऑफ टेन्शन, ढीगभर!"

टेन्शन खरंच होतं, पण वेगळं. माझ्या डोक्यावर उधारी होती. मी इथल्या मराठी पोरांना पोळ्या करून देते, ती शनिवारी येऊन डबे नेतात. त्यातले पैसे साठवत होते. दिवाळीपर्यंत हजार जमले. पाडव्याच्या सकाळी अंघोळ करून, नवी साडी नेसून मी ते द्यायला गेले.

आजोबा दोन पावलं मागे सरकले. "नाही! वेडी झालीस? मी पैसे दिले त्या दिवशी आपण जिंकलो. आता तू परत केलेस तर उलटं फिरेल."

"थोडेच आहेत. हजार," मी म्हटलं.

"एक डॉलरसुद्धा नाही. हंगाम संपेपर्यंत तू माझी देणेकरी. मे महिन्यात आण."

मी पदरात पैसे बांधून परत आले. कुणाला वाटेल, बरं झालं, सवड मिळाली. मला नाही वाटलं. आमच्या वडिलांनी कुणाचा तांब्याभर रॉकेलही दुसऱ्या दिवसावर ठेवलं नाही. देणं असलं की मला घास गोड लागत नाही. डेअरीत दूध आणायला गेले तरी वाटायचं, दुकानदाराला ठाऊक आहे. आजोबा अंगणात दिसले की मी आत पळायचे, आणि मॅचला पुन्हा त्यांच्याच शेजारी. संघ कधी जिंकायचा, कधी हरायचा, खालच्या तिघांच्या जरासा वर लोंबकळत होता. कधी कधी मनात यायचं, आत्ताच बुडू दे एकदाचा, म्हणजे मी सुटेन. मग "अवर्स" म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा.

संक्रांतीला भावाने मुलाला फोन केला. ते पैसे मी डबे नेणाऱ्या एका पोराकडून पाठवले होते आणि मुलाने दिले असं वहिनीला सांगितलं होतं. तिळगूळ घ्या झालं आणि तो म्हणाला, "बाळा, तू वेळेवर पैसे पाठवलेस म्हणून मी आज बोलतोय." मुलाने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"कुठले पैसे?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"शेजाऱ्याकडून? आई, मी काय मेलो होतो?"

"तुझ्या हप्त्याचं चाललं होतं रे."

"हप्ता माझा आहे, मी बघीन. उद्या त्यांची मुलगी म्हणेल, आंधळ्या म्हाताऱ्याला लुटलं!"

"ते आत्ता घेत नाहीत. मे महिन्यात घेणार."

"का? मुहूर्त काढलाय?"

मुहूर्तच काढला होता, पण ते त्याला कसं समजावणार? त्याने त्याच दिवशी आजोबांच्या मुलीचा नंबर मिळवला. वडिलांचे बँकेचे व्यवहार तीच बघायची. पूर्ण चार हजार त्याने फोनवरून त्यांच्या खात्यात टाकले. "झालं. आता शांत झोप," मला म्हणाला. मुलीने चांगल्या मनाने ते वडिलांना सांगितलं नाही, त्यांना बँकेच्या गोष्टींचा कंटाळा.

झोप कसली? मी साठवलेलं तांदळाच्या डब्यात तसंच पडून होतं आणि माझं देणं मात्र माझ्या हाताशिवायच फिटलं होतं. त्यातच संघ हरायला लागला. एक मॅच, मग दुसरी, मग तिसरी. फेब्रुवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, सगळी पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून समुद्राकडे पळतायत, आणि आम्ही दोघं पडदे ओढून बसलेलो. आजोबा हरल्यावर ओरडत नसत. चौकशी करत.

"सिन्योरा, स्टूल हललं का?"

"नाही."

"पाठ खिडकीकडेच होती?"

"हो."

त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडून वास घेतला. "कांदा कमी घातलास?"

"तेवढाच आहे."

"मग काहीतरी बदललंय. काय बदललंय?"

मी "देअर्स" म्हणाले. मॅच संपून बराच वेळ झाला होता, तोंडातून तेच निघालं. घरी येऊन संडासात जाऊन बसले, कारण तिथे कुणी काही विचारत नाही.

मार्च लागला तेव्हा संघ खालच्या तिघांत पोचला होता. मी मुलासमोर उभी राहिले. आयुष्यात मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"ते पैसे परत मागव."

"काय?"

"त्यांच्या मुलीला सांग, चुकून गेले. मी माझ्या हाताने देणार, मे महिन्यात."

तो हसला, मग चिडला. "आई, तिकडे इटलीत अकरा माणसं धावतायत. त्यांना माझा बँक ट्रान्सफर दिसतो का? आणि निम्म्या मॅचेस तुम्ही बघता तेव्हा होऊन गेलेल्या असतात!"

"मला कळतंय. तरी मागव."

"लोक काय म्हणतील? शिकले-सवरलेले..."

"अरे गप," सून लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. "वर्ल्ड कपला तोच भोकाचा टी-शर्ट कोण घालतं? मी धुवायला टाकला तर दोन दिवस बोलला नव्हतास. आईंना सांगतोय शिकलेले!"

त्याने फोन लावला. स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. आजोबांच्या मुलीने आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती इतकी मोठ्याने ओरडली की मी दचकले. "म्हणून हरतायत तर! आत्ताच्या आत्ता परत पाठवते. आणि माझ्या वडिलांना कळू देऊ नका, ते मला घरात घेणार नाहीत." दुपारपर्यंत पैसे मुलाच्या खात्यात आले. तो दोन दिवस मान हलवत फिरत होता.

मी ते संघासाठी केलं की स्वतःसाठी, अजून ठरवता येत नाही. मला माझ्या पोळ्यांच्या पैशांनी देणं फेडायचं होतं, हेही खरं. पण पुढच्या दोन्ही मॅचेस जिंकल्या तेव्हा सगळ्यात जोरात टाळी मुलानेच वाजवली, कुंपणाच्या अलीकडून.

एप्रिलमध्ये इथल्या रिवाजाप्रमाणे घड्याळं तासभर मागे झाली, पुन्हा थंडी आली. मी जास्तीच्या पोळ्यांचं काम घेतलं, मनगट सुजलं तरी. मेमध्ये चार हजार पुरे झाले. शेवटच्या मॅचला जिंकलं तर टिकणार, नाहीतर खाली, एवढंच राहिलं होतं. ती मॅच सोमवारी पहाटे उजाडता उजाडता इथे थेट लागणार होती. या खेपेला जगात कुणालाच निकाल ठाऊक नव्हता.

आधी आपल्यांनी गोल केला. आजोबांनी स्वेटरची बाही चावली. मग बराच वेळ बॉल आपल्याच बाजूला राहिला. मी "नियर, नियर" म्हणत राहिले आणि एकदम गप्प झाले.

"बोल," ते म्हणाले.

मी आधी पडद्यावरचा आकडा नीट बघून घेतला.

"सिन्योरा. बोल."

"देअर्स," मी म्हटलं. "गोल."

त्यानंतर आपले खूप धावले. मी सगळं सांगितलं, एक लाथ सोडली नाही. बॉल एकदा खांबाला लागून परत आला, तेही सांगितलं. मग पांढरे सदरे एकेक करून गवतावर बसायला लागले. संपलं, असं मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं. त्यांनी हात लांबवून टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "जा आता."

मी घरी आले. डब्यातले पैसे काढले, परत ठेवले. मी सुटले होते आणि मला आनंद झाला होता. त्याची इतकी लाज वाटली की भांडी घासताना पाणी सोडायचं विसरले.

"आता तरी देऊन टाक," मुलगा ऑफिसला निघता निघता म्हणाला.

"आज? त्यांचं गाव बुडालंय आणि मी नोटा घेऊन दारात उभी राहू?"

दिवसभर मी त्यांच्या खिडकीकडे बघत होते. पडदा हलला नाही. पाच वाजले, अंधारून आलं, मी देवाजवळ दिवा लावत होते तेव्हा दार वाजलं. कुंपण चाचपत आजोबा स्वतः आले होते. पहिल्यांदाच आमच्या दारात. स्वेटर बदललेला.

"सिन्योरा, माझे पैसे."

मी हातातली काडेपेटी खाली ठेवली.

"पुढच्या वर्षी आम्ही खालच्या गटात. ते दुसऱ्या चॅनेलवर दाखवतात, त्याचे वेगळे पैसे पडतात. लुटारू आहेत सगळे."

दिवेलागणीला घरातून पैसे बाहेर काढत नाहीत, लक्ष्मी जाते. आमच्याकडे तर शेजारणीला मीठही देत नाहीत. मी एकदा देवाकडे बघितलं आणि तांदळाचा डबा उघडला. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी नोटा एकेक करून बोटांनी मोजल्या. इथल्या नोटा लहान-मोठ्या असतात, लांबीवरून त्यांना कळतात. मधे दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून मोजलं. माझ्या नोटा बहुतेक लहान होत्या, वेळ लागला. सून दारात उभी राहून बघत होती.

शेवटची नोट ठेवून त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला.

"चार हजार," ते म्हणाले. "पूर्ण."

"पूर्ण," मी म्हटलं.