कापराची चिमूट

इवाओ कितामुरा हमामखान्यात शिरला की म्हातारे ओरडायचे, "आला काळोबा! आता पाणी बदला!" इवाओ हसायचा आणि कोपऱ्यात बसून कोपरापर्यंतचे हात खसाखसा घासायचा. नारा शहरातल्या शाईवाल्याला हे ऐकून घ्यावंच लागतं. काजळी आणि जनावरांच्या कातड्याचा सरस उघड्या हातांनी मळायचा, कणीक तिंबावी तसा तिंबायचा, आणि तेही ऐन थंडीत, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. मग त्या गोळ्याच्या वड्या पाडायच्या आणि राखेत घालून वाळवायच्या; लिहिणाऱ्याने त्या पाण्यात उगाळायच्या. सरसाला वास भारी, म्हणून मळताना चिमूटभर भीमसेनी कापूर घालायचा. इवाओची चिमूट मात्र पहिल्यापासून मोठी.

"ही शाई आहे की देवघर?" हात्सुए बाई त्याला झापायच्या. बाई गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, सुलेखन शिकवणाऱ्या. इवाओला कुंचला धरायला त्यांनीच शिकवलं, त्याच्या दुकानाची पाटीही त्यांनीच लिहिली. झापायच्या, पण दुसऱ्याच्या शाईला आयुष्यात कधी हात लावला नाही.

पुढे लोक बाटलीतली शाई वापरू लागले आणि इवाओने दुकान बंद केलं. सांगायला गेला तेव्हा बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुझी शाई नाही, तर माझं लिहिणंही नाही." त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याने नव्या वर्षाला पाठवलेले तांदळाचे मोची लाडू तसेच्या तसे परत यायचे. त्यांची सून असाको भाजीबाजारात भेटायची, तीही हळहळायची. "हात थंडीने आखडलेत हो त्यांचे. दिवसभर बाह्यांत घालून बसतात." घरी येऊन हे सांगताना इवाओ चहात शिजवलेली भाताची पेज तशीच बाजूला सारायचा. बाईंच्या मनातून आपण उतरलो, हे त्याला दुकान गेल्यापेक्षा जास्त लागलं होतं.

त्याच्या बायकोने, तोकिकोने, शेवटी त्याला घराबाहेर ढकललं. "जा कुनिहिकोकडे. घरी बसून माझं डोकं खाऊ नका."

कुनिहिको हा भाचा. त्याच्या कारखान्यात ऊब देणारं कापड व्हायचं. त्यासाठी कार्बनच्या नळ्या आणायच्या. एकेक नळी इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसते ती फक्त काळी भुकटी. या नळ्या पाण्यात टाकल्या की एकमेकींना मिठी मारून गोळा होतात. म्हणून प्रत्येकीला कसलं तरी पातळ पांघरूण चढवावं लागतं. मग ध्वनिलहरींनी गुंता सोडवायचा, त्या काळ्या पाण्यातून सूत ओढायचं आणि गरम हवेत सुकवायचं. विणलेल्या कापडातून थोडी वीज सोडली की ते मांजरासारखं ऊबदार होतं. कुणी या नळ्यांवर काचेचा थर देतं, कुणी तांब्याचा; जसं काम तसं पांघरूण.

"म्हणजे काजळीला अंगरखा! हे तर आमचंच काम," इवाओ खूश होऊन म्हणाला आणि त्याने बाह्या सरसावल्या.

"मामा, हात बाहेर! हातमोजे, मुखपट्टी, सगळं घालायचं. ही भुकटी छातीत गेलेली चालत नाही," कुनिहिको ओरडला.

इवाओ बिचारा हातमोजे घालून काम शिकला. नळ्यांना तिथे साबणासारख्या द्रावणाचं पांघरूण देत. पण त्याचा फेस फार. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर कुनिहिकोने सरस वापरून पाहायचं ठरवलं. पातेलं तापलं, काळं पाणी उकळू लागलं आणि मुखपट्टीतूनही तो जुना, ओला, जनावराचा वास इवाओच्या नाकात शिरला. पुढचं त्याच्या हातानेच परस्पर उरकलं. अंगावरच्या जुन्या कोटाच्या खिशात कापराची पुडी कायमची पडलेली असायचीच.

सूत झालं, कापड झालं. मांडीवर घ्यायच्या पांघरुणांचा पहिला गठ्ठा तपासायला कुनिहिकोने वीज लावली आणि नाक वर केलं. "मामा, यात काय घातलंत?"

इवाओने खिसा चाचपला. त्याचे कान लाल झाले. "चिमूटभरच..."

"तुमची चिमूट मला माहीत आहे! इस्पितळाला द्यायचा माल हा. तिथे देवळाचा वास आला तर रोगी घाबरतील हो!" कुनिहिकोला रागावता रागावता हसू फुटलं. माल मात्र बाद झाला. सगळं पुन्हा करायचं ठरलं.

बाद मालातलं एक पांघरूण मागून घेऊन इवाओ त्याच संध्याकाळी बाईंच्या दारात गेला. आत जायची छाती झाली नाही. "माझं नाव सांगू नकोस. फक्त मांडीवर टाक," तो असाकोला म्हणाला आणि चपलांपाशी उभा राहिला. निघून जावं, असंही वाटत होतं. पाय निघत नव्हते.

असाकोने आत पांघरूण घातलं, वीज लावली. कापड हळूहळू तापलं, वास सुटला. मग बाईंचा आवाज आला, "असाको, शाई कोणी उगाळली गं?"

"कोणी नाही, आई."

"मला वेड्यात काढू नकोस. ही इवाओची शाई आहे. एवढा कापूर घालणारा दुसरा गाढव अख्ख्या नारात नाही." आवाज दाराकडे वळला. "आणि तू! थंडी आत येतेय. ये, आणि दार लाव."

इवाओ आत जाऊन गुडघ्यांवर बसला. डोळे भरून आलेले, त्यामुळे बाई त्याला धूसरच दिसत होत्या. वाकड्या बोटांचे दोन्ही हात पांघरुणावर पसरलेले होते.

"बाई, माझ्यावरचा राग..."

"कसला राग?" बाईंनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. असाकोने ते उघडलं. आत इवाओच्या शाईच्या वड्या कागदात गुंडाळून रचलेल्या होत्या. एकीचाही कोपरा झिजलेला नव्हता.

"लिहीत बसले असते तर संपल्या असत्या ना रे," बाई म्हणाल्या. "काढ त्यातली एक. हात जरा सैल झालेत."

इवाओने बाह्या सरसावल्या आणि असाकोकडे पाणी मागितलं.